एक्सेलमध्ये गाव सापडत नाही, आणि रिप्लेस ऑल मारलं की यादी बिघडते: काय करायचं

केळीचा सीझन चढला की आमच्या रावेर-यावल पट्ट्यात प्रत्येक व्यापाऱ्याच्या ऑफिसात एक एक्सेल फाइल दिवसभर उघडीच असते, त्यात शेतकऱ्याचं नाव, गाव, गट नंबर, बॉक्स किती, वजन किती, भाव काय लागला, बँक खातं आणि आयएफएससी. आणि दर आठवड्याला पेमेंटच्या आदल्या संध्याकाळी तीच बोंब, एक तर "काय भो, नाव डोळ्यासमोर दिसतंय पण शोधलं तर सापडत नाही" नाहीतर "रिप्लेस ऑल मारलं आणि सगळं उलटंपालटं झालं". दोन्हीचा इलाज एका जागी लिहून ठेवतो. उदाहरणं केळीची आहेत पण जिनिंगमधल्या, पतसंस्थेतल्या, शाळेच्या ऑफिसातल्या माणसालाही चालतील.

फॉर्म्युल्यांची नावं, सेलचे नंबर, आकडे सगळं मी देवनागरीत लिहितोय, शीटमध्ये ते इंग्रजीतच टाकायचं. आणि हात लावायच्या आधी एफ१२ दाबून फाइल वेगळ्या नावाने सेव्ह करून घ्या. कंट्रोल झेड आहे की, असं म्हणून बसू नका, फाइल बंद झाली की तोही संपला.

दिसतंय पण सापडत नाही

आधी कंट्रोल एफ च्या खिडकीत ऑप्शन्स नावाचं बटण आहे ते दाबा. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात, कारण एक्सेल मागच्या वेळची सेटिंग तशीच धरून ठेवतं. सकाळी कुणीतरी "मॅच एंटायर सेल कंटेंट्स" वर टिक केली असेल तर संध्याकाळी "वाघोदा" शोधलं तरी "वाघोदा बु." सापडणार नाही, कारण पूर्ण सेल जुळला पाहिजे असं आपणच सांगून ठेवलंय. तिथंच बाजूला फॉरमॅटचं बटण आहे, त्यात चुकून पिवळा रंग वगैरे निवडला गेला असेल तर फक्त पिवळ्या सेलमध्येच शोध चालतो, तेव्हा त्याच्या बाणावर जाऊन "क्लिअर फाइंड फॉरमॅट" करा. एकापेक्षा जास्त सेल सिलेक्ट असतील तर शोध तेवढ्यातच होतो, हेही लोक विसरतात. आणि फिल्टर लावलेला असेल तर आधी काढा, लपलेल्या ओळी सुटून जातात.

"लुक इन" मध्ये जे पर्याय दिसतात त्यातले फॉर्म्युलाज आणि व्हॅल्यूज हे दोन आपल्या कामाचे. गावाचा कॉलम जर व्हीलुकअपने दुसऱ्या शीटमधून येत असेल तर फॉर्म्युलाजवर ठेवून शोधल्यास काही मिळणार नाही, कारण सेलमध्ये खरं तर फॉर्म्युला आहे, गाव नाही. व्हॅल्यूज करा. तसंच १,२५,००० अशी रक्कम स्वल्पविरामासकट शोधायची तर व्हॅल्यूज, नाहीतर साधं १२५००० टाका. पण रिप्लेसच्या टॅबमध्ये फक्त फॉर्म्युलाजच असतं, म्हणजे फॉर्म्युल्यातून आलेलं गाव रिप्लेसने बदलत नाही, जिथून ते येतंय त्या मूळ शीटमध्येच बदलावं लागतं.

हे सगळं ठीक असूनही सापडत नसेल तर स्पेस. व्हॉट्सॲपवरून कॉपी केलेल्या नावांच्या मागे स्पेस हमखास चिकटून येते. डोळ्यांनी कळत नाही, तपासायला बाजूच्या रिकाम्या सेलमध्ये =लेन(बी२) टाका. लेन अक्षरं मोजतं, काना-मात्राही वेगळ्या धरून, म्हणून "रावेर" ला ५ यायला पाहिजे, ६ आलं तर शेपटी आहे. साधी स्पेस =ट्रिम(बी२) ने जाते, मधल्या दोन-दोन स्पेसही एक होतात. ट्रिम करूनही ६ च दाखवत असेल तर ती वेबसाइटवरून आलेली न तुटणारी स्पेस, तिचा नंबर १६०, ट्रिम तिला हात लावत नाही. =सब्स्टिट्यूट(बी२,युनिकॅर(१६०),"") असं लिहून ती काढा, किंवा एका सेलमधून तेवढीच स्पेस माऊसने उचलून रिप्लेसच्या खिडकीत पेस्ट करा. सेलमध्ये ऑल्ट एंटर मारून दोन ओळी केल्या असतील तर शोधायच्या खिडकीत कंट्रोल जे दाबा, दिसणार काही नाही पण ओळतोड शोधली जाते. काम झालं की मात्र त्या खिडकीत जाऊन बॅकस्पेस मारा, नाहीतर ती न दिसणारी ओळतोड तिथंच बसून राहते आणि पुढचा प्रत्येक शोध फसतो.

मराठीतली खास भानगड

आता हे जे आहे ते इंग्रजीतल्या व्हिडिओत कुणी सांगत नाही, कारण त्यांना हा त्रासच नाही. मराठीत एकच शब्द दोन तऱ्हेने टाइप होतो आणि स्क्रीनवर डिट्टो सारखा दिसतो.

"ॲग्रो" घ्या. एका कीबोर्डवरून ॲ हे एकच अक्षर म्हणून येतं, दुसऱ्यावरून आधी अ आणि मग त्यावर वेगळा चंद्र. दिसायला एकच. पण पहिल्याची लेन ५, दुसऱ्याची ६. =युनिकोड(सी२) करून पहिल्या अक्षराचा नंबर विचारला तर पहिलं २४१८ सांगतं, दुसरं २३०९. एक्सेलच्या लेखी ही दोन वेगळी दुकानं झाली, म्हणून एकाच ॲग्रो एजन्सीची उधारी दोन खात्यांत फुटलेली दिसते आणि ऑफिसातले नाना रागावतात ते एंट्री करणाऱ्या पोरावर. नाना ओरडत होते, "अरे दोन्हीकडे तेच लिहिलंय ना, मग बेरीज वेगळी कशी?" त्यांचंही बरोबर होतं, पोराचंही बरोबर होतं.

दुसरं "चोपडा". कुणी सरळ ो ची मात्रा देतं, आणि कुठं आधी काना आणि त्यावर वेगळी मात्रा असं येतं. पहिल्याची लेन ५, दुसऱ्याची ६. हे बहुतेक जुन्या फाइल युनिकोडमध्ये बदलताना होतं. तिसरं "शेतकऱ्याचं" मधला तो अर्धा र, तोही दोन प्रकारे येतो, एकात ऱ हे अक्षर असतं आणि दुसऱ्यात साधा र, हलंत आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह, नंबर ८२०५.

उपाय सोपा आहे. ज्या सेलमध्ये चुकीचा प्रकार आहे तिथूनच शब्द कॉपी करून "फाइंड व्हॉट" मध्ये पेस्ट करायचा, आणि बरोबर प्रकार "रिप्लेस विथ" मध्ये. हाताने टाइप करू नका, तुमचा कीबोर्ड तुम्हाला पाहिजे ते अक्षर देईलच असं नाही. काना-मात्रेचं तर पूर्ण शब्दही लागत नाही, ा आणि े ही जोडी शोधून तिच्या जागी ो टाकली की पूर्ण शीट एका झटक्यात सरळ होतं, हा एक रिप्लेस ऑल मी बिनधास्त मारतो कारण मराठीत काना आणि मात्रा अशी एकापुढे एक कधी लागतच नाही.

आणि जर शोधताना काहीच, म्हणजे काहीच सापडत नसेल, तर त्या कॉलमचा फॉन्ट बदलून एरियल करून बघा. अक्षरांच्या जागी इंग्रजीचा काला दिसला तर ती फाइल श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहे, ते मराठी नाहीच, मराठीचं चित्र घातलेलं इंग्रजी आहे. ती आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये करा, त्याशिवाय पुढचं काही करण्यात अर्थ नाही. मार्केट कमिटीच्या, प्रिंटिंग प्रेसच्या जुन्या याद्या अजून सर्रास अशाच मिळतात.

रिप्लेस केलं आणि वाट लागली

आपल्याकडे गावागणिक बुद्रुक-खुर्द आहेत आणि लिहिणारा प्रत्येक जण आपापल्या मर्जीने लिहितो: वाघोदा बु., वाघोदा बु॥, वाघोदा बु, वाघोदा बुद्रुक. आता कुणी उत्साहाने "बु" च्या जागी "बुद्रुक" टाकून रिप्लेस ऑल मारलं तर काय होतं, जिथं आधीच बुद्रुक लिहिलं होतं तिथं "बुद्रुकद्रुक" होतं, आठवडे बाजाराच्या कॉलममधला बुधवार "बुद्रुकधवार" होतो, आणि तसंच खु च्या जागी खुर्द मारलं तर खुर्दाचं "खुर्दर्द", हे नाव मात्र त्या पोराच्या अवस्थेला शोभून दिसतं.

याचा क्रम उलटा लावायचा. आधी फक्त गावाचा कॉलम सिलेक्ट करा. मग बुद्रुकच्या जागी बु, बु. च्या जागी बु, बु॥ च्या जागी बु, म्हणजे सगळे प्रकार सगळ्यात छोट्या रूपावर आणा. कुणी ॥ च्या जागी दोन उभ्या रेघा दिल्या असतील तर त्याही. सगळे एकसारखे झाले की शेवटी एकदाच, आधीच्या स्पेससकट " बु" च्या जागी " बुद्रुक". ती आधीची स्पेस महत्त्वाची, तिच्यामुळे ज्या गावाचं नावच बु ने सुरू होतं ते वाचतं. "वाघोदाबु" असं चिकटवून लिहिलेलं एखाददुसरं राहतं, ते हाताने करा, त्यासाठी युक्ती शोधत बसू नका.

गूगल शीट्सवाल्यांना हे अजून सोपं आहे, तिथं कंट्रोल एच मध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनची, म्हणजे शब्दाचा साचा देऊन शोधायची टिक आहे, ती करून शोधायच्या जागी आधी एक स्पेस देऊन बु[.॥]?$ लिहा. डॉलर म्हणजे सेलचा शेवट, त्यामुळे बुद्रुकमधल्या बु ला धक्का लागत नाही. पण ती टिक असताना नुसतं बु. लिहू नका, रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये टिंब म्हणजे कुठलंही अक्षर. आणि खाली "ऑल शीट्स" आहे की "धिस शीट" तेही बघा.

स्टारचं पण असंच. एक्सेलमध्ये * म्हणजे काहीही, ? म्हणजे कुठलंही एक अक्षर. "वाघो*" च्या जागी "वाघोदा बुद्रुक" टाकलं की रावेरजवळचं वाघोड, जे वेगळंच गाव आहे, तेही सावद्याकडच्या वाघोद्यात विलीन होतं. शिवाय स्टार सेलच्या शेवटापर्यंत सगळं खातो, गावापुढे तालुका, मोबाइल लिहिलेला असेल तर तोही गेला. खरोखरचा स्टार शोधायचा असेल तर त्याच्या आधी ~ द्या.

शून्य काढायचा किस्साही जुनाच आहे. बॉक्सच्या कॉलममध्ये रिकाम्या दिवशी ० पडलेत ते नको म्हणून ० च्या जागी रिकामं टाकलं, रिप्लेस ऑल, आणि ३०० बॉक्सचे ३ झाले. इथं मात्र ती "मॅच एंटायर सेल कंटेंट्स" ची टिक हवीच.

खरी गोम: एक्सेल तो सेल पुन्हा टाइप करतं

हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी भीती जाते. रिप्लेस करताना एक्सेल नुसतं एक अक्षर काढून दुसरं ठेवत नाही, बदललेला मजकूर तुम्ही त्या सेलमध्ये नव्याने टाइप केल्यासारखा वाचतं, आणि मग हा आकडा का, तारीख का, असा स्वतःचा अंदाज लावतं. म्हणून तक्रार नेहमी अशी असते की "मी फक्त स्पेस काढली हो".

बँक खात्याचे नंबर बघा. गावातला पोरगा खातं वाचायला सोपं जावं म्हणून चार-चार आकड्यांत स्पेस देऊन पाठवतो. तोपर्यंत ते टेक्स्ट असतं, सुरक्षित असतं. तुम्ही स्पेसच्या जागी रिकामं टाकलं की एक्सेलला तो आकडा वाटतो: सुरुवातीची शून्यं गळतात, नंबर ई प्लस वगैरे दिसायला लागतो, आणि १६ आकडी खातं असेल तर शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले १५ आकडेच जपतं. कॉलम रुंद करून किंवा नंतर टेक्स्ट फॉरमॅट लावून तो आकडा परत येत नाही, गेला तो गेला. सुदैव असेल तर बँक खातं नाकारते. दुर्दैव असेल तर ते खातं दुसऱ्या कुणाचं तरी असतं.

गट नंबरचंही तेच. कुणी पोटहिस्सा १२.१ असा टिंब देऊन लिहिला, तुम्ही टिंबाच्या जागी तिरकी रेघ टाकली, की १२/१ चा झाला १२ जानेवारी. कॉम्प्युटरची रीजन सेटिंग अमेरिकेची असेल तर १ डिसेंबर. आणि १४५.२ चा मात्र १४५/२ च राहतो कारण १४५ तारीख नसते, त्यामुळे अर्धा कॉलम बरोबर अर्धा चूक, आणि माणूस व्हायरस शोधत बसतो. (सातबाराचा तर काय, कॉलममध्ये नुसतं ७/१२ टाइप केलं तरी तो ७ डिसेंबर होऊन बसतो.) पावतीवरच्या ०५.०६.२०२४ सारख्या तारखांनाही हाच नियम, अमेरिकन सेटिंगवर ५ जूनची ६ मे होते आणि १२ तारखेपुढच्या टेक्स्टच राहतात. म्हणून कंट्रोल पॅनलमध्ये रीजन इंग्लिश इंडिया आहे ना ते आधी बघा.

खातं, गट नंबर, मोबाइल, आधार, ज्यांची बेरीज कधी करायची नाही असे सगळे आकडे रिप्लेसने बदलायचेच नाहीत, सब्स्टिट्यूटने बदलायचे. बाजूच्या रिकाम्या कॉलममध्ये =सब्स्टिट्यूट(एफ२," ","") लिहा, खालपर्यंत ओढा. हा फॉर्म्युला नेहमी टेक्स्टच देतो, अंदाज लावत नाही. मग तो कॉलम कॉपी करून मूळ जागी पेस्ट स्पेशलमधून व्हॅल्यूज पेस्ट करा आणि मदतीचा कॉलम उडवा. नवीन मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ऑप्शन्समध्ये डेटाखाली ऑटोमॅटिक डेटा कन्व्हर्जन बंद करायची सोय आली आहे, पण ते सेटिंग त्या एका कॉम्प्युटरपुरतं, फाइल दुसऱ्याने उघडली की त्याचं त्याचं, म्हणून मी त्यावर विसंबत नाही.

आयएफएससीचं वेगळं दुखणं आहे. हा कोड ११ अक्षरांचा, पहिली चार बँकेची, पाचवा नेहमी शून्य आणि पुढची सहा शाखेची. पाचव्या जागी लोक शून्याऐवजी इंग्रजी ओ टाकतात. सगळ्या ओ चे शून्य केले तर ज्या बँकेच्या पहिल्या चार अक्षरांतच ओ आहे तिचा कोड मोडतो. म्हणून =लेफ्ट(जी२,४)&"०"&राइट(जी२,६). पण आधी लेन ११ आहे ना ते बघा, शेपटीला स्पेस असेल तर राइट चुकीची सहा उचलेल.

दर आठवड्याला तेच का

कारण आपण यादी दुरुस्त करतो आणि पुढच्या सोमवारी तीच चार माणसं तसंच लिहून पाठवतात. अमळनेर आणि अंमळनेर, फैजपूर आणि फैजपुर, चोपडा आणि चोपडे, आणि जुने लोक मुक्ताईनगरला अजून एदलाबादच म्हणतात, लिहितातही. त्यांना शिकवत बसण्यापेक्षा एक वेगळी शीट करा, नाव द्या "गावं". डाव्या कॉलममध्ये जसं येतं तसं, उजव्यात जसं पाहिजे तसं. एदलाबाद, समोर मुक्ताईनगर. मुक्ताईनगर, समोरही मुक्ताईनगर. मग मुख्य शीटमध्ये मूळ कॉलमला हात न लावता बाजूला =व्हीलुकअप(ट्रिम(बी२),गावं!ए:बी,२,०). यादीत नसलेलं नवीन रूप आलं की तिथं एन/ए दिसेल, तेवढंच त्या शीटमध्ये वाढवायचं. पहिल्या महिन्यात एन/ए खूप दिसतात, मग कमी होत जातात. आणि रिप्लेसपेक्षा यात मोठा फायदा असा की शेतकऱ्याने भांडण काढलं तर त्याने मुळात काय लिहून दिलं होतं ते शेजारच्याच कॉलममध्ये शाबूत असतं.

सुरुवातीची यादी करायला गावाचा कॉलम नवीन शीटमध्ये कॉपी करा आणि डेटा मेनूतून रिमूव्ह डुप्लिकेट्स. जेवढी रूपं आहेत तेवढी समोर येतात, बघून हसू येतं.

एंट्री ऑफिसातच होत असेल तर डेटा व्हॅलिडेशनमध्ये लिस्ट लावा, गाव निवडायचं, टाइप करायचंच नाही. फक्त त्यावर बाहेरून पेस्ट केलं तर व्हॅलिडेशन चूप बसतं, अडवत नाही. गावागावातून माहिती येत असेल तर व्हॉट्सॲपपेक्षा ड्रॉपडाउनवाला गूगल फॉर्म बरा, तो मोबाइलवरही भरता येतो.

पॉवर क्वेरी, म्हणजे डेटा साफ करायच्या पायऱ्या लक्षात ठेवणारी सोय, येत असेल तर अजून छान, २०१६ पासून ती एक्सेलमध्येच आहे. ट्रिम करा, रिप्लेस करा, गावांची शीट जोडा, हे सगळं एकदा करून ठेवलं की पुढच्या आठवड्यात नवीन डेटा टाकून नुसतं रिफ्रेश. तिथं खात्याचा कॉलम टेक्स्ट म्हणून आधीच बांधून ठेवा, आणि इंग्रजीत लहान-मोठं अक्षर ती वेगळं धरते हे लक्षात असू द्या.

बँकेत फाइल टाकायच्या आधी मी तीन गोष्टी बघतो: बॉक्सची बेरीज जुन्या कॉपीशी जुळते का, आयएफएससीची लेन सगळीकडे ११ आहे का, आणि खात्याच्या कॉलमला =इझनंबर लावून एकही ट्रू येत नाही ना. ट्रू आलं तर ते खातं कुठंतरी आकडा झालंय, मूळ पावती काढून तेवढं खातं हाताने टाका, आधी सिंगल कोट देऊन.